ऑफिस सांभाळून पहिलं दुपटं

जाहिरात संस्थेत किंवा डिझाइन स्टुडिओत काम करणारी बरीच मंडळी हल्ली हौसेने शिवणकामाकडे वळतात. रंगांची आणि मांडणीची जाण त्यांच्याकडे असतेच. गाडी अडते ती वेगळ्याच ठिकाणी. दिवसभर ‘हा निळा की तो निळा’ यावर डोकं शिणवून घरी यायचं आणि रात्री साडेनऊला तसाच निर्णय कापडाबाबत घ्यायचा म्हटलं, की चूक ठरलेली. संगणकावर एक पाऊल मागे जाता येतं, कापलेल्या कापडाचं तसं नाही. म्हणून कामाची वाटणी आपण आधीच करून टाकू. निवडणं, मोजणं आणि कापणं सुट्टीच्या सकाळी, शिवणं आणि टाके घालणं ऑफिसातून आल्यावर.

सुरुवात मोठ्या गोधडीने करू नये. तान्ह्या बाळाचं दुपटं घ्यावं, साधारण ३६ इंच लांब आणि तेवढंच रुंद. ते मांडीवर मावतं, मशीनवर सरकवताना जड होत नाही, आणि ऑफिसात किंवा नात्यात कुणाकडे ना कुणाकडे बाळ येणार असतंच. दुपट्याला तीन थर असतात: वर चौकोन जोडून केलेलं कापड, मध्ये मऊ जुनं कापड आणि खाली अस्तर. हे थर एकमेकांना धरून ठेवतो तो धावदोरा, म्हणजे सुई वर-खाली करत सरळ पुढे जाणारा साधा टाका. गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, रचना हीच.

आता कापड. वरच्या थरासाठी सुती पॉपलीन किंवा कॅम्ब्रिक घ्यावं. मलमल फार मऊ, ती नवख्या हातातून निसटते. तीन रंगांचं प्रत्येकी अर्धा मीटर पुरतं. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ इंच असेल, तर अर्ध्या मीटरमध्ये आपले १२ चौकोन सहज बसतात आणि तीन रंगांचे मिळून ३६ होतात. अस्तराला त्याच पन्ह्याचं सव्वा मीटर. मधल्या थराला घरातली जुनी सुती साडी उत्तम, पण कापण्याआधी जिची आहे तिला विचारून घ्यावं. यावरून घरात झालेली भांडणं मला ठाऊक आहेत.

दुकानदार ‘शुद्ध सुती’ म्हणाला तरी कापडाच्या कडेचा एक धागा काढून काडीने पेटवून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. वितळून टोकाला टणक गोळी झाली, तर त्यात पॉलिस्टर आहे. दुपट्याला ते घाम शोषत नाही म्हणून नको.

आणलेलं सगळं कापड आधी धुवायचं. ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते आणि सगळ्यात महाग पडते. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि प्रत्येक कापड वेगवेगळं आटतं. शिवून झाल्यावर आटलं, तर दुपटं वेडंवाकडं ओढलं जातं. लाल आणि गडद निळ्या कापडांवर ओलं पांढरं फडकं घासून पाहावं. दोन-तीन धुण्यांनंतरही फडक्याला रंग लागत असेल, तर ते कापड दुपट्यातून बाद.

कापण्याआधी धाग्याची दिशा समजून घेऊ. कापडात उभे आणि आडवे धागे असतात. या दोन्ही दिशांना कापड फारसं ताणलं जात नाही. तिरपं धरून ओढलं तर मात्र ते रबरासारखं वाढतं, या तिरप्या दिशेला औरेब म्हणतात. चौकोन औरेबात कापला गेला, की शिवताना त्याचा आकार बदलतो आणि दोष आपण मशीनला देतो. सरळ रेघ मिळवायला सोपा उपाय असा: कडेचा एक आडवा धागा हळूच ओढून काढावा. तो निघालेल्या जागी जी बारीक फट दिसते, ती अगदी सरळ असते.

प्रत्येक चौकोन साडेसहा इंचांचा कापायचा. तयार चौकोन सहा इंचांचा राहील आणि चारही बाजूंना पाव-पाव इंच माया मिळेल. माया म्हणजे शिवणीच्या आत जाणारं जादा कापड. पुठ्ठ्याचा साडेसहा इंचांचा साचा करून खडूने आखावं. खडू नसेल तर अंघोळीच्या साबणाची झिजलेली वडी चालते. बॉलपेन नको, त्याची शाई निघत नाही. ऑफिसातली कटिंग मॅट आणि स्टीलची पट्टी या कामात फार उपयोगी, पण कागद कापायचा कटर नाही. त्याचं पातं कापडाचे धागे ओढतं. कापडाची कातर वेगळी ठेवावी आणि तिने कागद कापू नये. घरातल्या बाकीच्यांनाही हे बजावून ठेवावं.

कापून झालं की चौकोन जमिनीवर सहा बाय सहा मांडायचे. ऑफिसात मांडणीचंच काम करणारी माणसं इथे हमखास अडकतात. बदलतात, पुन्हा बदलतात, आठवडा जातो. मी म्हणेन, अर्धा तास ठरवून घ्यावा. रंग पडद्यावर पाहू नयेत, दिवसाच्या उजेडात पाहावेत, आणि मोबाईलवर फोटो काढून तो कृष्णधवल करावा. त्यात दोन शेजारी चौकोन एकच करडे दिसले, तर रंग कितीही वेगळे असोत, लांबून ते एकमेकांत मिसळणार. तेवढे हलवावेत आणि थांबावं. मग प्रत्येक चौकोनाला रांग आणि क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टाचणीने लावावी आणि रांगेप्रमाणे सहा गठ्ठे करावेत. इथे सुट्टीचं काम संपलं. आता थकलेल्या संध्याकाळीही पुढचा चौकोन कोणता हा प्रश्न पडणार नाही.

मशीन नवं असेल तर पहिला सराव कापडावर करायचा नाही. शिवणक्लासात पूर्वापार शिकवतात तसं, वहीचा रेघांचा कागद घ्यावा, सुईत दोरा न ओवता रेघेवरून मशीन चालवावं. भोकं रेघेवर पडू लागली, की हात तयार. यासाठी जुनी सुई वापरावी, कागदाने सुई बोथट होते. पायाच्या मशीनवर अडचण वेगळी असते. चाक वरून आपल्याकडे फिरायला हवं, ते उलटं गेलं की दोरा तुटतो किंवा गुंततो. सुरुवात करताना उजव्या हाताने चाकाला आपल्याकडे हलकी गती द्यावी आणि मगच पाय चालवावेत.

मशीनची सुई १४ नंबरची घ्यावी, तीन थर शिवायचे असतील तर १६. मशीनच्या सुईचा नंबर वाढला की ती जाड होते. हातसुईचं उलट आहे, तिथे नंबर वाढला की सुई बारीक. दुकानात यावरून नेहमी घोटाळा होतो, म्हणून सुई कशासाठी हवी ते सांगूनच मागावी.

आता सगळ्यांना रडवणारी तक्रार: शिवायला लागलं की कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतं. जाळं खाली दिसतं म्हणून आपण बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ, पुन्हा पुन्हा काढून घालतो. दोष बहुतेक वेळा वर असतो. वरचा दोरा ताण देणाऱ्या चकत्यांच्या मधून गेलेला नसतो. कापड दाबून धरणारा पाय, म्हणजे प्रेशर फूट, खाली असताना दोरा ओवला, की या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या बाहेरच राहतो. म्हणून फूट वर उचलून सगळा दोरा पहिल्यापासून ओवावा. शिवण सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवावीत.

ताण बरोबर आहे का हे पाहायला वर लाल आणि खाली पांढरा दोरा घालून चिंधीवर शिवावं. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले, तर वरचा ताण जास्त आहे. खालच्या बाजूला लाल फासे लोंबले, तर तो कमी आहे. ताण बदलायची चकती एका वेळी थोडीशीच फिरवावी आणि पुन्हा शिवून पाहावं.

मग चौकोन जोडायला घ्यावेत. दोन चौकोनांच्या सुलट बाजू एकमेकींवर ठेवून एका कडेने पाव इंच आत शिवायचं. हे पाव इंच सांभाळणं म्हणजेच खरं कौशल्य. प्रत्येक शिवणीत दीड मिलिमीटर माया जास्त गेली, तर दोन्ही चौकोन मिळून ३ मिलिमीटर कापड आत जातं. एका रांगेत पाच शिवणी, म्हणजे रांग दीड सेंटीमीटर आखूड. शेजारची रांग बरोबर असेल, तर दोन्ही जुळणार कशा? उपाय सोपा आहे. सुईपासून मोजून पाव इंचावर मशीनच्या पत्र्याला मास्किंग टेपची पट्टी चिकटवावी आणि शिवताना नजर सुईवर न ठेवता पट्टीला लागून सरकणाऱ्या कडेवर ठेवावी.

रांग झाली की इस्त्री. ती कपड्यांना करतो तशी ओढायची नाही, ठेवायची आणि उचलायची. ओढली की चौकोन तिरके होतात. पहिल्या रांगेची माया उजवीकडे वळवावी, दुसरीची डावीकडे, असं आलटून पालटून. रांगा एकमेकींना जोडताना उलट दिशेच्या माया एकमेकींना अडतात आणि चौकोनांचे कोपरे आपोआप जुळतात. तिथे एक टाचणी लावावी आणि सुई जवळ येताच ती काढावी. टाचणीवरून मशीन चालवलं तर सुई मोडते.

थर लावणं हे पुन्हा सुट्टीचं काम. फरशीवर अस्तर उलटी बाजू वर करून अंथरावं, कडा टेपने फरशीला चिकटवाव्यात. ते ताठ हवं, ताणलेलं नको. त्यावर साडीचे दोन पदर, त्यावर जोडलेला थर. अस्तर चारही बाजूंनी किमान दोन इंच बाहेर राहिलं पाहिजे. मध्यापासून बाहेरच्या दिशेने तळहाताने सुरकुत्या काढत, मूठभर अंतरावर सेफ्टी पिना लावाव्यात किंवा लांब लांब कच्चे टाके घालावेत. पिना मोजून लावाव्यात आणि काढतानाही मोजाव्यात. वस्तू बाळाची आहे.

आता धावदोरा, आणि इथून पुढे घाई नाही. जाड सुती दोरा किंवा भरतकामाच्या सहा पदरी दोऱ्यातले तीन पदर घ्यावेत, लांबी दीड फूट. ‘पुन्हा पुन्हा ओवायला नको’ म्हणून लांब घेतलेला दोरा पीळ खाऊन गुंततो. गाठ छोटी मारावी. सुरुवातीच्या जागेपासून इंचभर लांब सुई वरच्या थरात घालून सुरुवातीच्या जागी बाहेर काढावी आणि हलका झटका द्यावा. टक् असा बारीक आवाज येतो आणि गाठ कापडाआड जाते.

डावा हात दुपट्याखाली ठेवावा. सुईचं टोक खालच्या बोटाला हलकं लागलं, तरच अस्तर टाक्यात सापडलं असं समजावं. वरून सुंदर दिसणाऱ्या ओळी आणि खाली मोकळं सुटलेलं अस्तर, हा नवख्यांचा नेहमीचा दोष. सुईवर तीन-चार टाके घेऊन मग दोरा ओढावा. मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची धातूची टोपी, घालावी. पहिल्या दिवशी ती अडगळ वाटते, तिसऱ्या दिवशी तिच्याशिवाय बोट हुळहुळतं. टाके बारीक असण्यापेक्षा सारखे असणं महत्त्वाचं. इंचाला चार पुरेत. ओळ संपली की तळहाताने कापड पुढे सारून बघावं, चुण्या पडल्या असतील तर दोरा जास्त ओढला गेला आहे.

ओळी मध्यापासून बाहेर घालाव्यात, दीड-दीड इंचावर. यावर कुणी म्हणेल की जुन्या बायका तर कडेपासून सुरू करून आत येतात. खरं आहे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच शिवतात. पण त्या तुकडे एकेक ठेवत, कडा मुडपत पुढे जातात, त्यामुळे वाढलेलं कापड पुढच्या तुकड्याखाली जिरतं. आपला वरचा थर आधीच जोडलेला आहे. कडेकडून आत आलं, तर सरकलेलं कापड मधोमध फुगा होऊन बसतं, आणि तो काढायला सगळं उसवावं लागतं.

दिवसभर पडदा पाहून आलेल्या डोळ्यांना रात्री सुईचं नेढं दिसत नाही. म्हणून रविवारीच आठ-दहा सुयांत दोरे ओवून त्या टाचणगादीला टोचून ठेवाव्यात. रोज दोन ओळी झाल्या तरी पुष्कळ. खुर्चीत पुन्हा वाकून बसू नये, भिंतीला टेकून दुपटं मांडीवर घ्यावं. उजव्या हाताने शिवणाऱ्याने दिवा डावीकडे ठेवावा, म्हणजे सुईवर हाताची सावली येत नाही. जेवणाच्या सुट्टीत टाके घालायला दुपटं ऑफिसात न्यायला हरकत नाही, पण धावदोऱ्याला लागल्यावरच. अशा ऑफिसात टेबलावर काहीही ठेवलं की त्यावर अभिप्राय येतो. चौकोन मोकळे असताना नेलं, तर मांडणी पहिल्यापासून सुरू होईल.

शेवटी कडा. इथे एक मोठी गफलत होते: नीटनेटकं दिसावं म्हणून तिन्ही थर एकदम कापले जातात. मग कड झाकायला कापडच उरत नाही आणि वेगळा गोट विकत आणून लावावा लागतो. तसं करू नये. मधला थर वरच्या थराच्या बरोबरीने कापावा, अस्तर मात्र एक इंच बाहेर ठेवावं. ते अर्धा इंच मुडपून पुन्हा अर्धा इंच वरच्या थरावर आणावं आणि धावदोऱ्याने किंवा मशीनने शिवावं. कोपऱ्यात आधी अस्तराचं टोक तिरपं आत घ्यावं आणि मग दोन्ही बाजू मुडपाव्यात, म्हणजे जाड गाठोडं होत नाही.

तयार दुपटं थंड पाण्यात वेगळं धुवून सावलीत वाळवावं. थोडं आक्रसून टाक्यांभोवती बारीक खळ्या पडतील. तो दोष नाही, गोधडीचं ते रूपच आहे. पुढे कधी धावदोरा तुटला तर ओढून काढू नये. तुटल्या जागेच्या दोन इंच अलीकडून नवा दोरा घालून जुन्या टाक्यांवरूनच दोन इंच पलीकडे न्यावा.

एका माणसाच्या पलंगाची ६० बाय ९० इंचांची गोधडी करायची झाली, तर हेच चौकोन दहाच्या पंधरा रांगा, म्हणजे १५० लागतील आणि त्यांना साधारण साडेसहा मीटर कापड. अस्तर मात्र एका पन्ह्यात बसणार नाही, दोन पट्ट्या जोडून घ्यावं लागेल. आणि थर लावायच्या दिवशी खोली रिकामी करून मदतीला आणखी एकाला बोलवावं.