डोळ्यातले भिंग

मोतीबिंदू झालेल्या माणसाला भर दुपारी धुके पडल्यासारखे दिसते. असे का होते? आपल्या डोळ्यात, बाहुलीच्या मागे, एक भिंग असते. तरुणपणी ते स्वच्छ पाण्यासारखे असते. वय झाले की गढूळ होते. हाच मोतीबिंदू. डोळ्यात थेंब घालून तो जात नाही. भिंगच काढावे लागते.

पूर्वी भिंग काढीत आणि जाड चष्मा देत. चष्मा फुटला की माणूस पुन्हा चाचपडत फिरे. आता त्या जागी प्लॅस्टिकचे भिंग बसवतात.

“डोळ्यात प्लॅस्टिक? ते बाधणार नाही का?” पुष्कळजण विचारतात. विचारावेच. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या लढाऊ विमानांना एका कडक, पारदर्शक प्लॅस्टिकच्या खिडक्या होत्या. गोळी लागली की तिचे तुकडे उडून वैमानिकाच्या डोळ्यात जात. पण ते आत राहूनही डोळा चिडत नसे. हॅरोल्ड रिडले नावाच्या डॉक्टरांनी हे हेरले. १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग एका बाईच्या डोळ्यात बसवले.

आपल्या देशात मदुराईला ऑरोलॅब हा कारखाना १९९२ पासून अशी भिंगे करतो. बाहेरून आणलेले भिंग गरिबाला परवडत नव्हते. इथले पुष्कळ स्वस्त पडले.

भिंग केवढे? सुमारे ६ मिलिमीटर रुंद. मसुरीच्या दाण्याएवढे, आणि घाटही तसाच. लेन्स हा शब्दच मुळी मसुरीच्या लॅटिन नावावरून आला आहे! कातारी लाकूड फिरवून पाळण्याचे खूर कातून काढतो ना, तसेच हे काम. प्लॅस्टिकची चकती यंत्रावर गरगर फिरते आणि हिऱ्याचे टोक तिला कापीत जाते. भिंग डोळ्यात जागच्या जागी राहावे म्हणून त्याला केसासारखे दोन वाकडे पाय ठेवतात. मग बारीक काचमण्यांबरोबर बरणीत घालून ते कितीतरी तास घोळवतात. ओरखडा राहता कामा नये. शेवटी जंतू मारून पाकिटात बंद करतात.

भिंगे अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या फरकाने केलेली असतात, कारण प्रत्येक डोळा निराळा. म्हणून शस्त्रक्रियेआधी डोळ्याची लांबी मोजतात. ती २४ मिलिमीटरच्या आसपास असते. मोजण्यात एका मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याचा नंबर अडीच-तीनने चुकतो. तेव्हा मोजताना स्थिर बसा, डोळा हलवू नका.

घरी जाताना कार्डावर भिंगाच्या पाकिटावरची चिठ्ठी चिकटवून देतात. तिच्यावर नंबर असतो. कार्ड ट्रंकेत जपून ठेवा. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी डॉक्टर ते पाहायला मागतील.