गप्प गाठीमागची हालचाल

यकृतात १२ सेंटिमीटरची गाठ, आत जिवंत परजीवी, आणि माणूस दिवसभर मेंढरांमागं चालतोय. ताप नाही, कावीळ नाही. अशा गाठीचा, म्हणजे हायडॅटिडचा, रुग्ण सोनोग्राफीला आला की मला दर वेळी एकच प्रश्न पडतो. पायात काटा मोडला तर दोन दिवसांत पू धरणारं हे शरीर इथं गप्प कसं?

ते गप्प नसतं.

गाठीतला हा जंत मूळचा कुत्र्याचा. एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस नावाचा हा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो, लांबी जेमतेम २ ते ७ मिलिमीटर. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, मातीत, कुत्र्याच्या केसांत पसरतात. चरताना ती मेंढीच्या पोटात जातात, न धुतलेल्या हातानं माणसाच्या. अंड्यातला भ्रूण आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतो. आतड्यातलं रक्त आधी यकृताकडे जातं, म्हणून बहुतेक वेळा तो तिथंच अडकतो.

‘‘डॉक्टरीणबाई, मटण खाल्ल्यानं झालं का हे?’’ हे मला नेहमी विचारतात. नाही, आजी. मेंढीच्या काळजातली गाठ माणसाच्या खाण्यात आली तरी त्यातून ही गाठ होत नाही. तीच कुत्र्यानं खाल्ली तर त्याच्या पोटात नवे जंत होतात. जत्रेत बकरं कापल्यावर गाठीचं फोपसं कुत्र्यापुढं टाकू नका, ते खोल पुरा, असं मी सांगते ते यासाठीच.

पहिले काही दिवस शरीराचं पारडं जड असतं. भ्रूण उघडा असतो. प्रतिपिंडं आणि रक्तातली ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिनं मिळून त्याला मारू शकतात. पण साधारण दोन आठवड्यांत तो स्वतःभोवती थरांचं कवच रचू लागतो. त्या कवचात पेशी नसतात आणि आपल्या पांढऱ्या पेशींना त्यातून आत शिरता येत नाही. मग शरीर बाहेरून आपली चिवट, तंतुमय भिंत बांधतं.

आतला जीवही स्वस्थ बसत नाही. गाठीतल्या पाण्यातलं ‘अँटिजेन बी’ हे प्रथिन पांढऱ्या पेशींची धाव रोखतं आणि प्रतिकाराचा रोख बदलतं. परजीवीला मारू शकणारा ‘टीएच-१’ प्रतिसाद मागं पडतो, ‘टीएच-२’ वरचढ होतो, इंटरल्यूकिन-१० सारखे दाह शमवणारे संदेश वाढतात. प्रतिपिंडं तयार होतात, पण त्यांतल्या आयजीजी-४ जातीला कॉम्प्लिमेंट कामाला लावता येत नाही. म्हणून रक्ततपासणी पॉझिटिव्ह येते आणि गाठ वाढतच राहते. भिंत अभंग असेल तर तपासणी निगेटिव्हही येऊ शकते. तेवढ्यावरून कुणी निर्धास्त होऊ नये.

याला शरीराची हार म्हणणं मला पटत नाही. या जंताचा भाऊबंद, कोल्ह्यांमधला एकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस, आल्प्स परिसरात, तिबेटच्या पठारावर, होक्काइडोत माणसाच्या यकृतात कर्करोगासारखा पसरतो. एड्स झालेल्यांत किंवा अवयव बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांत तो फार वेगानं वाढतो. म्हणजे इतरांत शरीर त्याला रोखून धरत असतं. अलास्कात तर काही लोकांच्या यकृतात हा परजीवी आपोआप मेलेला, चुना धरलेला सापडला. तिथं शरीर जिंकलं होतं.

मात्र हायडॅटिडच्या या गप्प काळातच ॲलर्जी घडवणारी आयजीई प्रतिपिंडंही साठत जातात. गाठ फुटली आणि पाणी पोटात सांडलं, तर तीच प्रतिपिंडं काही मिनिटांत रक्तदाब कोसळवणारी ॲलर्जी घडवतात. साधी पाण्याची गाठ समजून कुणी घाईनं सुई घालू लागलं की माझ्या छातीत धस्स होतं. ठरावीक गाठींत सुई घालतात, पण आधी अल्बेंडाझोल हे जंतनाशक देऊन आणि सगळी तयारी हाताशी ठेवून. उलट, आतलं पाणी आटून, पडदे मिटून, कडेनं चुना धरलेली आणि काही त्रास न देणारी गाठ बहुधा तशीच सोडायची आणि अधूनमधून सोनोग्राफी करायची.

पहिल्या उघड्या दिवसांचा फायदा मात्र संशोधकांनी घेतला. मेलबर्नचे मार्शल लाइटोलर्स आणि न्यूझीलंडचे डेव्हिड हीथ यांच्या गटांनी त्या भ्रूणाच्या एका प्रथिनापासून मेंढ्यांसाठी ‘ईजी-९५’ ही लस तयार केली. लस घेतलेल्या मेंढीत भ्रूण कवच रचण्याआधीच मरतो, गाठ होत नाही, आणि तिचं काळीज कुत्र्यानं खाल्लं तरी त्याला त्यातून जंत मिळत नाही.