अंधारात मुलांना काम द्या

थंडी पडली की पवना धरणाच्या काठी तंबूंच्या रांगा लागतात आणि बऱ्याच रांगांच्या मागून एक वायरही आलेली असते. त्या वायरीवर दिव्यांच्या माळा, स्पीकर, मोबाइल चार्ज करायचा बोर्ड, कुठे कुठे सिनेमा दाखवायचा पडदासुद्धा. शहरातला उजेड मागे टाकायला म्हणून दोन-तीन तास गाडी चालवत आलेली माणसं पुन्हा त्याच उजेडात बसतात. लहान मुलं बरोबर असली की याचं समर्थनही तयार असतं: वीज नसेल तर पोरांना करमणार कसं? माझ्या मते हा प्रश्नच जरा तिरका पडतो. वीज नसलेल्या रात्री तीन ते आठ वर्षांच्या मुलाला करमणूक फारशी लागत नाही. त्याला काम लागतं, खरंखुरं, ज्यावाचून सगळ्यांचं अडेल असं.

आधी वेळेचा हिशेब. डिसेंबरच्या अखेरीस सह्याद्रीच्या पट्ट्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सातनंतर उगवतो. म्हणजे रात्र जवळजवळ तेरा तासांची. सात वाजता काळोख झाला आणि मूल घरी दहाला झोपणारं असलं, तर मधले तीन तास उरतात. आईबाप धसका घेतात तो याच तीन तासांचा. मग पिशवीत लुडो येतो, रंगपेटी येते, गोष्टींची पुस्तकं येतात आणि ‘असू दे’ म्हणून कार्टून भरून ठेवलेला टॅबही येतो. प्रत्यक्षात बॅटरीच्या उजेडात लुडोची सोंगटी गवतात हरवते, पुस्तकाच्या पानावर किडे येऊन बसतात, नि आठच्या आत टॅब बाहेर निघतो. दोष मुलाचा नसतो. घरची संध्याकाळ जशीच्या तशी उचलून अंधारात मांडायचा तो बेत असतो, आणि तो फसणारच.

लहान मुलाला कामाची ओढ असते, हे म्हणायला पुरावा आहे. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. अवघ्या दीड वर्षाच्या मुलांसमोर एक अनोळखी माणूस कपडे वाळत घालताना चिमटा पाडतो आणि त्याचा हात पोचत नाही; दोन्ही हातांत गठ्ठा घेऊन तो बंद कपाटावर धडकत राहतो. कुणी काही मागितलेलं नाही, बक्षीस नाही. तरी 24 पैकी 22 मुलांनी निदान एकदा तरी मदत केली. गंमत म्हणजे त्या माणसाने चिमटा मुद्दाम फेकला, तेव्हा मुलं सहसा उठली नाहीत. खरी अडचण आणि खोटी अडचण यांतला फरक त्यांना कळत होता. याच दोघांच्या 2008च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: मदतीबद्दल खेळणं देऊ केलेली मुलं पुढे कमी मदत करू लागली. शिबिरांत ‘जो जास्त काटक्या आणील त्याला चॉकलेट’ असली स्पर्धा लावणाऱ्या उत्साही काकांनी हे ध्यानात घ्यावं. यावर कुणी म्हणेल, प्रयोगशाळेतली मिनिटभराची मदत वेगळी आणि तीन तास वेगळे. बरोबर आहे. पण कुणाही मुलाला तीन तास राबवायचं नाहीये. चुलीची आणि स्वयंपाकाची स्वतःची एक लय असते; ती मुलाला थोडा वेळ धावपळ देते, मग बराच वेळ नुसतं टक लावून बघायला देते.

रायगड जिल्ह्यातली पोपटी घ्या. वालाच्या शेंगा भरल्या की तिकडे शेतात पोपटी लागते, आणि लहान मुलांच्या रात्रीसाठी याहून बरा स्वयंपाक शोधून सापडणार नाही. बांधावर उगवणारा भांबुर्डा उपटून आणायचा, त्याचा उग्र वास घ्यायचा आणि पाला मडक्याच्या तळाशी दाबून बसवायचा. त्यावर शेंगा, बटाटे, रताळी, हवी तर अंडी. मधूनमधून जाडं मीठ आणि ओवा. पाण्याचा थेंबही नाही. वर पुन्हा भांबुर्डा ठासून तोंड बंद करायचं, मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती पेंढा, पालापाचोळा, काटक्या रचून जाळ करायचा. यात मोठ्यांनीच करायची कामं दोन, मडकं पालथं घालणं आणि जाळ पेटवणं. बाकी सगळं चार वर्षांच्या मुलालाही जमतं. शेंगा निवडणं, बटाटे धुणं, मीठ भुरभुरणं, पाला कोंबणं. मोठी भावंडं काटक्यांची वर्गवारी करतात: काडेपेटीच्या काडीएवढ्या बारीक, पेन्सिलीएवढ्या, अंगठ्याएवढ्या. ही वर्गवारी काही वेळ घालवायची युक्ती नव्हे. बारीक काड्या संपल्या आणि जाड लाकूड अजून धरलं नसलं की जाळ विझतो. हे मुलाला एकदा दिसलं की समजावून सांगावं लागत नाही. मग अर्धा-पाऊण तास जाळाकडे बघत बसायचं. शेवटी मडक्यावर पाण्याचा हबका मारायचा, चर्र होऊन पाणी क्षणात उडालं की पोपटी झाली. तो हबका कोणी मारायचा यावरून भांडणं होतात, ती होऊ द्यावीत. वालाचा हंगाम नसला तर हुरडा आहे, तोही नसला तर साधी खिचडी आहे. मात्र अभयारण्यात आग पेटवू नये, आणि इतरत्रही लाकूड तोडू नये. गावातून विकत घ्यावं.

जेवणं झाली की जाळाचे निखारे होतात आणि बोलणं आपोआप बदलतं. मानववंशशास्त्रज्ञ पॉली विस्नर यांनी कलहारीतल्या जू-होआन्सी लोकांच्या संभाषणांच्या नोंदी तपासून 2014 साली एक निबंध लिहिला. दिवसा त्यांची बोलणी बहुतेक कामाधंद्याची आणि तक्रारींची होती. रात्री शेकोटीभोवती मात्र 81 टक्के संभाषणं गोष्टींची निघाली. कलहारीतल्या मोठ्या माणसांचे निष्कर्ष पुण्यातल्या पोरांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत, तरी हा बदल शेकोटीपाशी बसलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल. आजोबांची पहिली नोकरी, आईची चुकलेली एसटी, विहिरीत पडलेली बादली: मुलाला हव्या असतात त्या याच गोष्टी. मध्येच गावांच्या भेंड्या होतात, कोडी होतात, तंबूच्या कापडावर बॅटरीने हातांच्या सावल्यांचे कुत्रे-ससे होतात. एखाद्या वेळी सगळ्यांनी दोन मिनिटं गप्प बसून आवाज मोजावेत. रातकिडे, टिटवी, पिंगळा, आणि नशिबात असेल तर रातव्याचं चक-चक-चक.

मग बॅटरीही बंद. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मोबाइलचा पांढरा उजेड एकदा डोळ्यांवर पडला की बरीचशी कमाई जाते. ज्याने हा नियम मोडला तो ‘आउट’, एवढा खेळ पुरतो. डिसेंबरात साडेआठनंतर पूर्वेला मृग वर आलेला असतो, त्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण आणि खाली तो मारणारा व्याध. ही शिकारकथा मुलाला बोटाने दाखवता येते. व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे साडेआठ वर्षं लागतात. म्हणजे सात वर्षांच्या मुलाला सांगता येतं की आत्ता तू बघतोयस तो उजेड तुझ्या जन्माआधी निघालाय. असं आकाश आता मुद्दाम जपावं लागतं. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024च्या जानेवारीत भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, ती काही हौसेखातर नव्हे.

झोपेचाही हिशेब याच बाजूने लागतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात केनेथ राइट यांच्या गटाने आठ प्रौढांना आठवडाभर रॉकी पर्वतात तंबूत ठेवलं, बॅटरीसुद्धा न देता. 2013च्या त्या अभ्यासात त्यांच्या शरीराचं घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे सरकलं. एका रात्रीत असं काही होत नाही, हे मान्य. पण त्याच विद्यापीठातल्या 2018च्या दुसऱ्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांना झोपेआधी तासभर झगझगीत प्रकाशात खेळवलं, तेव्हा झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचं प्रमाण सरासरी 88 टक्क्यांच्या आसपास घटलं. निखाऱ्यांचा तांबूस उजेड त्या मानाने काहीच नाही. म्हणून धसका घेतलेले ते तीन तास पुष्कळदा दोनच ठरतात. पोरं नऊलाच पेंगतात.

आक्षेप आहेत, आणि एकदोन वजनदार आहेत. पहिला सुरक्षिततेचा. मण्यार रात्री हिंडतो, त्याचा दंश अनेकदा जाणवतही नाही, आणि लाल विंचू कोकणात नवा नाही. म्हणून वीज नको म्हटलं तरी बॅटरी हवीच, दर माणशी एक. शूला जाताना पायापुढे उजेड, तंबूची चेन कायम लावलेली, सकाळी बूट झटकून घालायचे, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र आधी विचारून ठेवायचं. थंडी कितीही असो, निखाऱ्याची शेगडी तंबूत न्यायची नाही; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अंधारात पाण्याकाठी जायचं नाही, यावर मुलाशी वाटाघाटी नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. वीज नसण्याचं कौतुक ज्यांच्याकडे ती आहे त्यांनीच करावं? महाराष्ट्रातल्या खेड्यांनी भारनियमनात वर्षानुवर्षं अंधार काढला, कंदिलात परीक्षांचे अभ्यास केले. त्याला कुणी कॅम्पिंग म्हटलं नाही. हे खरंच आहे, आणि तंबूशेजारच्या वाडीत दिवे लागले तर आपल्या ‘अनुभवा’वर विरजण पडलं असं म्हणणाऱ्या पाहुण्यांना गावकऱ्यांनी चार शब्द सुनवायला हरकत नाही. निवडलेला अंधार आणि लादलेला अंधार एक नव्हेत. आपण एका रात्रीपुरतं बटण बंद करतो आहोत, एवढंच भान ठेवून जावं.

तिसरा आक्षेप कुणी बोलून दाखवत नाही. मुलांना कामं द्या म्हटलं की ती कामं मांडणार, सांडलेलं आवरणार आणि वर स्वयंपाकही करणार बहुधा आईच. घरचा ओटा नदीकाठी नेऊन ठेवला एवढाच फरक. यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे: जेवण एका भांड्यात होणारं ठरवावं आणि चूल बाबांकडे द्यावी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, भांडी घासण्यासकट. तेवढं जमत नसेल तर डबे भरून न्यावेत आणि मुलांना फक्त शेकोटीची कामं द्यावीत.

राहता राहिली तारीख. तारे बघायला अमावस्या उत्तम, पण पहिल्याच खेपेला मिट्ट काळोख चार वर्षांच्या मुलाला झेपेलच असं नाही. कालनिर्णय उघडून शुद्ध अष्टमीच्या आसपासचा शनिवार शोधावा. त्या रात्री अंधार पडतो तेव्हाच अर्धा चंद्र डोक्यावर असतो, मुलं जागी असेपर्यंत पायवाट दिसेल इतका उजेड देतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. कुणी पहाटे उठलंच तर आकाशही मोकळं मिळतं. अमावस्या दुसऱ्या खेपेला.