मूकपटाची लेखिका लिहायची काय?

पडद्यावरची माणसं बोलतच नव्हती, तर मूकपटाचा लेखक लिहायचा तरी काय? उत्तरासाठी फ्रान्सिस मॅरियन यांचं काम बघावं. 1888 साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या मॅरियनबाई दिग्दर्शिका लोइस वेबर यांच्या हाताखाली तयार झाल्या आणि पुढे अभिनेत्री मेरी पिकफर्डच्या खास लेखिका म्हणून नावारूपाला आल्या.

कथा पसंत पडली की लेखकाने तिची ‘कंटिन्युइटी’ करायची. दृश्याचा क्रमांक, जागा, कोण कुठून येतं, काय करतं, कॅमेरा लांब की जवळ, आणि मजकुराची पाटी कुठे झळकणार, हे सगळं त्यात असे. एका सेटवरची दृश्यं एकदमच उरकत, मग गोष्टीत ती पहिली असोत की शेवटची. त्यामुळे सेट, कपडे आणि खर्चाचा अंदाज या कागदांवरूनच ठरे. पाट्या वाढल्या की गोष्टीला खीळ बसते, म्हणून शब्दांवाचून गोष्ट पुढे न्यायची. खरा कस तिथे लागे.

मॅरियनबाईंनी लिहिलेला 1917 चा ‘द पुअर लिटल रिच गर्ल’ पाहा. एलेनॉर गेट्स यांच्या गोष्टीतल्या 11 वर्षांच्या ग्वेनची भूमिका 24 वर्षांच्या पिकफर्डने केली. ती लहान दिसावी म्हणून खुर्च्या-टेबलंही मोठ्या मापाची केली होती. श्रीमंत आईबापांना लेकीसाठी वेळ नाही. नोकर तिला झोपेचं औषध जास्त पाजतात आणि पोर ग्लानीत जाते. मोठ्यांच्या तोंडून ऐकलेली वाक्यं तिला आता खरीखुरी दिसू लागतात. दुतोंडी म्हटलेल्या दाईला दोन तोंडं असतात! पानभर संवादांनी जे साधलं नसतं, ते एका चित्राने साधतं. मला हा मूकपटाच्या लेखनाचा उत्तम नमुना वाटतो.

बोलपट आल्यावर अनेकांचं काम गेलं, मॅरियनबाईंचं वाढलं. ‘द बिग हाउस’साठी त्या सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात जाऊन आल्या. 1930 च्या या चित्रपटात जेवणावरून दंगा करणारा कैदी बुच झडतीआधीच आपली सुरी पुढे सरकवतो आणि ती हातोहात भलत्याकडेच पोचते. ती शेवटी सापडते एका निरपराध सोबत्याच्या सामानात, आणि त्याची सुटका हुकते. कथेला कलाटणी मिळते ती सुरीच्या या प्रवासाने. आवाजाचं तंत्र हाताशी असूनही बाईंनी मूकपटात कमावलेली ही नजर सोडली नाही. या चित्रपटाने त्यांना पटकथेचं ऑस्कर मिळालं. पटकथेसाठी हा मान मिळवणारी ही पहिली स्त्री. पाठोपाठ ‘द चॅम्प’च्या कथेसाठी दुसरं आलं.

1933 साली पटकथाकारांची संघटना उभी राहिली, तेव्हा त्या उपाध्यक्ष झाल्या. चित्रपटकथा कशी लिहावी आणि विकावी, यावर 1937 साली त्यांनी नवख्यांसाठी अख्खं पुस्तकच लिहिलं.