गाडी नेमकी कधी तापते?

आम्ही पवन मावळातल्या एका बचत गटाच्या बायका. इंद्रायणी तांदूळ, नाचणीचे पापड आणि हंगामात भाजीपाला असा आमचा माल लोणावळ्याला जातो. एरवी आम्ही मालाबद्दल बोलतो, आज माल नेणाऱ्या गाडीबद्दल बोलणार आहोत.

तीन वर्षांपूर्वी गटाने एक जुनी व्हॅन घेतली. आमच्यातली एक सूनबाई लायसन काढून ती चालवायला शिकली. पहिला पावसाळा बरा गेला. मग उन्हाळ्यात दुधिवरे खिंड चढताना काटा लाल रेषेला टेकायला लागला. गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने बॉनेटही नीट न उघडता सांगितलं, "इंजिन खोलावं लागेल. पस्तीस हजार धरून चाला." गटाच्या वहीत तेव्हा जेमतेम तेवढेच होते, आणि ते खरिपाच्या बियाण्यासाठी राखून ठेवले होते.

आम्ही दोन दिवस मागून घेतले आणि कामशेतच्या बाजूच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पाना उचलला नाही. एवढंच विचारलं, "ताई, गाडी नेमकी कधी तापते? चढाला की सपाटीला? पळताना की उभी असताना? पाणी रोज कमी होतं का?"

आम्हा पाचजणींपैकी एकीलाही उत्तर देता आलं नाही. तान्हं मूल रडलं तर ते कधी रडलं, दूध प्यायल्यावर की झोपताना, हे आपण डॉक्टरांना बिनचूक सांगतो. गाडीबद्दल मात्र "तापते हो" याच्यापुढे आम्हाला सांगता येईना.

मिस्त्री म्हणाले, पाणी भरून घ्या, जवळजवळच्याच फेऱ्या मारा, काटा अर्ध्याच्या वर गेला की थांबा आणि लिहून ठेवा. आम्ही चार दिवस लिहिलं. मोठ्या रस्त्यावर पळताना काटा जागेवर. खिंडीत पहिल्या गिअरमध्ये हळू चढताना वर. लोणावळ्यात गर्दीत उभी राहिली की आणखी वर. पाणी कमी होत नव्हतं. आणि रेडिएटरचा पंखा फिरल्याचा आवाज कुणीच ऐकला नव्हता.

वही वाचून मिस्त्रींनी पंख्याच्या स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या. पंखा लगेच फिरला. म्हणजे मोटर चांगली होती, इंजिन तापल्यावर पंखा चालू करणारा स्विच गेला होता. काम काही शे रुपयांत झालं. पण त्यांनी बजावलंही, "अजून महिनाभर अशीच तापवली असती, तर त्या पहिल्या माणसाचं म्हणणं खरं झालं असतं."

तेव्हापासून आम्ही जे शिकलो, ते आज सांगतो.

घाटातच का दुखणं निघतं?

आपला मुलूखच चढउताराचा. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. खोपोली पायथ्याला आणि लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच. रेल्वेचा घाट ३७ फुटांना १ फूट असा चढतो, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात. रेल्वेची ही गत, तर आपल्या वीस वर्षांच्या गाडीची काय कथा!

चढाला इंजिन जास्त जोर लावतं, म्हणून जास्त तापतं. वेग मात्र कमी असतो, म्हणून समोरून वारा कमी मिळतो. त्या वेळी सगळी भिस्त पाण्यावर आणि पंख्यावर. म्हणून साधा हिशेब लक्षात ठेवा. पळताना ठीक आणि हळू चालताना तापते, तर आधी पंखा बघा. जुन्या जीपला पंखा पट्ट्यावर फिरतो, तिथे पट्टा ढिला झालाय का ते पाहा. पळतानाही तापते, तर पाणी कमी आहे, रेडिएटर आतून चोंदलाय, वॉटर पंप नीट फिरत नाही, किंवा पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट अडकलाय. यातलं कुठलंही काम इंजिन खोलण्यापेक्षा स्वस्त आहे.

गाडी तापली तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि निदान अर्धा तास थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका. कुकरची शिट्टी पडायच्या आत झाकण काढलं तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे, हेही तसंच. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, लोखंड तडकतं. आणि पदर, ओढणी, वेणी पंख्यापासून लांब ठेवा. विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

धूर काय सांगतो?

लोणावळ्याच्या थंडीत सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघते आणि गाडी गरम झाली की थांबते. त्याला घाबरू नका. पण गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येतच राहिला, बाहेर गळती नसताना रेडिएटरचं पाणी कमी झालं, आणि ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर पाणी इंजिनात शिरतंय. बहुतेक हेड गॅस्केट गेलं असतं. हे काम मोठं आहे, तिथे चालढकल करू नका.

निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजलेत. लगेच गाडी बंद पडणार नाही, पण ऑईल वरचेवर बघावं लागेल आणि पुढच्या खर्चाची तयारी ठेवावी लागेल. पेट्रोल गाडीचा काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. चुलीत लाकडं कोंबली आणि फुंकर घातली नाही तर धूर होतो ना, तसंच. आधी एअर फिल्टर काढून झटका. मळकट असेल तर बदला. मग जुन्या गाडीचा कार्बोरेटर आणि चोक तपासायला सांगा.

पावसाळ्यात गाडी एक ठेका चुकवत चालते, मिस्त्री त्याला "मिसिंग" म्हणतात. बऱ्याचदा प्लगच्या वायरींना ओल धरलेली असते. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर कोरड्या फडक्याने वायरी आणि टोप्या पुसा. तरी चुकली तर प्लग बघायला सांगा. मात्र ओढ्याच्या पाण्यात गाडी बंद पडली असेल, तर चावी फिरवू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर आतला दांडा वाकतो आणि मग खरोखरच इंजिन खोलावं लागतं. गाडी ढकलून बाहेर काढा आणि मिस्त्रीला बोलवा.

जोर चाकापर्यंत पोचतो का?

कधी इंजिन ठणठणीत असतं, पण गाडी ओढत नाही. मग वाटेत कुठेतरी जोर गळतोय. इंजिनाचा जोर आधी क्लचमध्ये, तिथून गिअरमध्ये आणि मग दांड्याने चाकाकडे जातो.

क्लच म्हणजे पकड. विहिरीचा दोर घट्ट धरला तर बादली वर येते. पकड सुटली की दोर सरकतो आणि तळहात भाजतो. क्लच प्लेट झिजली की हेच होतं. इंजिन ओरडतं, गाडी जागची हलत नाही आणि जळका वास येतो. खात्री करायची तर सपाट मोकळ्या जागेत, गाडीच्या पुढे-मागे कुणी नसताना, हॅन्डब्रेक घट्ट ओढा. गाडी वरच्या गिअरमध्ये टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन धक्का खाऊन बंद पडलं तर पकड चांगली आहे. इंजिन चालूच राहिलं तर क्लच सरकतोय. ही परीक्षा एकदाच करा, पुन्हा पुन्हा केली तर प्लेट आणखी जळते. आणि प्लेट बदलण्याआधी क्लचची वायर जास्त ताणलेली नाही ना, हे विचारा. नुसती वायर ढिली करूनही काम भागू शकतं.

आमची प्लेट आम्हीच जाळली होती. चढावर गर्दीत उभं राहताना सूनबाई हॅन्डब्रेक न ओढता अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवायची. आता तसं करत नाही.

आवाजावरूनही बरंच कळतं. गाडी न्यूट्रलमध्ये उभी आहे आणि गुरगुर ऐकू येते. क्लच दाबल्यावर ती थांबली तर गिअरबॉक्सचं बेअरिंग बघा. क्लच दाबल्यावरच ती सुरू झाली तर क्लचचं बेअरिंग. ओम्नीसारख्या गाडीत इंजिन पुढच्या सीटखाली असतं आणि जोर मागच्या चाकांना जातो. अशा गाडीत किंवा जीपमध्ये निघताना, रिव्हर्स टाकताना खालून "कडक्" असा आवाज आला, तर लांब दांड्याचा क्रॉस झिजला असेल. मागून सतत घूं घूं येत असेल आणि एक्सलेटर सोडल्यावर त्याचा सूर बदलत असेल, तर डिफरन्शियलमधलं ऑईल तपासा. मारुती ८०० सारख्या गाडीत जोर पुढच्या चाकांना जातो. तिथे स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर "टक टक टक" ऐकू आलं, तर चाकाजवळचा सांधा खराब झालाय. त्या सांध्यावर रबराची टोपी असते. ती फाटली की आतलं ग्रीस बाहेर आणि आपल्याकडचा चिखल आत जातो. टोपी वेळेत बदलली तर सांधा वाचतो.

आता उताराचं. पेट्रोल वाचवायला घाट न्यूट्रलमध्ये उतरवणारे पुष्कळ आहेत. मैत्रिणींनो, हे करू नका. गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच तिला मागे ओढून धरतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि खालच्या वळणावर धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये चढ चढता, त्याच गिअरमध्ये उतार उतरा.

आमची गाडीची वही

गटाच्या हिशेबाच्या वहीशेजारी आता गाडीची वही असते. गाडी निघण्याआधी, इंजिन थंड असताना चार गोष्टी बघायच्या. पाणी किती, पट्टी पुसून ऑईल किती, रात्री गाडीखाली डाग पडला का, आणि टायर. डागाचा रंगही लिहायचा. हिरवट किंवा लालसर पाण्यासारखा असेल तर कुलंट, काळा चिकट असेल तर ऑईल.

बिघाड झाला की पाच गोष्टी लिहायच्या. कधी होतं, म्हणजे थंड असताना की गरम झाल्यावर. कुठे होतं, चढाला, उताराला की सपाटीला. आवाज, वास, धूर कसा आहे. किती दिवसांपासून आहे. त्याआधी गाडीचं कुठलं काम केलं होतं. आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून नेला तर फारच छान, कारण मिस्त्रीसमोर नेमका तो येत नाही.

मोठा खर्च सांगितला तर आम्ही तीन प्रश्न विचारतो. हे कशावरून म्हणता? त्याआधी कुठली स्वस्त तपासणी करता येईल? आणि काढलेला जुना पार्ट आम्हाला परत द्याल ना? चांगला मिस्त्री या प्रश्नांवर चिडत नाही. आमचे मिस्त्री तर आता वही आणली का म्हणून विचारतात, कारण त्यांचाही वेळ वाचतो.

दोन गोष्टी मात्र वहीत लिहीत बसायच्या नाहीत. चालताना ऑईलचा लाल दिवा लागला तर तिथल्या तिथे इंजिन बंद करा. पुढच्या गावापर्यंत जाऊ म्हणू नका, ऑईलविना इंजिन काही मिनिटांत धरतं. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका, नवऱ्याला नाही, मुलाला नाही, मिस्त्रीलाही नाही. आधी चाकांना दगड लावा आणि गाडीखाली भक्कम टेकू द्या.

त्या वर्षी बियाण्याचे पैसे बियाण्यालाच गेले. व्हॅन अजून चालते आहे, थोडा निळा धूर सोडते, आणि रिंगांच्या कामासाठी आम्ही दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकतो. तुमच्या गटाकडे जुनी गाडी असेल तर उद्या सकाळी निघण्याआधी ऑईलची पट्टी एकदा पुसून बघा आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख घाला.