पंधरा आकडे

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मी थांबलो तो एक संवाद कानावर पडला म्हणून. बाजारच्या गर्दीत फोन गेलेला एक शेतकरी काउंटरवर उभा होता. दुकान चालवणाऱ्या ताईंनी विचारलं, "बापू, फोनचा नंबर सांगा." बापूंनी दहा आकडे घडाघडा म्हटले. "त्यो तुमचा नंबर झाला. मी फोनचा इचारायलेय. पंधरा आकडे असत्यात." बापू गप्पच झाले. माणसाचा नंबर निराळा आणि यंत्राचा निराळा, हे फोन हरवेपर्यंत कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. ताईंचं काम जवळून बघायचं मी तिथंच ठरवलं.

दुकान लहान. फ्लक्समधली राळ जळाल्याचा वास कपड्यांना धरतो, घरी गेल्यावरही लवकर जात नाही. डिस्प्ले बदलणं, चार्जिंगचा जॅक बदलणं हे दिवसभर चालतं, त्यात फार सांगण्यासारखं नाही. पण "रेंज येईना" म्हणत कुणी आलं की ताई सावरून बसतात.

पारगावकडून आलेल्या एका तरुणाचं तेच दुखणं होतं. पडद्यावर फक्त 'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली'. ताईंनी पिनेनं ट्रे बाहेर काढला, सिमची सोनेरी पट्टी शाळेच्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसली आणि ते सिम आपल्याकडच्या एका जुन्या फोनमध्ये घातलं. थोड्या वेळात कंपनीचं नाव उमटलं. मग स्वतःचं चालतं सिम त्याच्या फोनमध्ये घातलं. रेंज नाही. "सिम बरं हाय. दुखणं फोनला हाय." एवढ्या साध्या अदलाबदलीत मोबाइल नेटवर्कची ओळखपद्धत उघडी पडते, कारण नेटवर्क दोन वस्तू वेगवेगळ्या ओळखतं.

फोन सुरू झाला की आधी टॉवरचं ऐकतो. प्रत्येक टॉवर देशाचा आणि कंपनीचा सांकेतिक आकडा सतत सांगत असतो. भारताचे ४०४ आणि ४०५. बीएसएनएलच्या महाराष्ट्र विभागासाठी ४०४च्या पुढं ६६. सिममध्येही अशाच आकड्यांनी सुरू होणारा ग्राहक क्रमांक असतो, आयएमएसआय. तोही पंधरा आकड्यांचा. फोन तो कळवतो, पण नुसत्या क्रमांकावर प्रवेश मिळत नाही. नेटवर्क कुठलीही एक संख्या उचलून पाठवतं. सिममधली चिप स्वतःजवळच्या गुप्त किल्लीनं तिचं गणित करून उत्तर देते. तीच किल्ली कंपनीकडेही असते, तिथंही तेच गणित होतं. उत्तरं जुळली तरच रेंजच्या दांड्या कामाच्या. किल्ली मात्र हवेतून कधीच जात नाही. पुढं नेटवर्क सिमला एक तात्पुरता क्रमांक देतं आणि व्यवहार त्यावर चालतो, म्हणजे मध्येच कान लावून बसणाऱ्याला खरा क्रमांक सहज मिळू नये. वाशीहून धाराशिवला निघालेल्या एसटीत फोन खिशात नुसता पडून असला तरी इलाखा बदलला की तो नेटवर्कला कळवतो. म्हणून आलेला कॉल नेमका त्या भागातल्या टॉवरांवरून पुकारता येतो.

आणि दहा आकडी नंबर? तो कंपनीच्या नोंदवहीत आयएमएसआयसमोर लिहिलेला असतो. सातबाऱ्याचा उतारा हरवला म्हणून रान जात नाही, नोंद दप्तरात असते, तसंच हे. सिम हरवून दुसरं घेतलं की सहसा किल्लीही नवी आणि आयएमएसआयही नवा, नंबर तेवढा जुना. जानेवारी २०११ पासून देशभर कंपनी बदलूनही नंबर ठेवता येतो, तोही नोंद बदलता येते म्हणूनच.

ताईंनी त्या तरुणाच्या फोनवर *#०६# दाबलं. आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा पंधरा आकडी नंबर, त्याच्या जागी नुसती शून्यं. "सॉफ्टवेअर कुठनं मारून आणलंय?" कुणीतरी स्वस्तात फोन फ्लॅश करून दिला होता, त्यात यंत्राची ओळखच पुसली गेली होती. आयएमईआयचे पहिले आठ आकडे कंपनी आणि मॉडेल सांगतात, पुढचे सहा त्या एका फोनचे, आणि पंधरावा आधीच्या चौदांच्या हिशेबातून निघतो. लिहिताना एखादा आकडा चुकला की हिशेब बसत नाही. २००९च्या नोव्हेंबरअखेर आपल्याकडे आयएमईआय नसलेल्या फोनची सेवा बंद करण्यात आली, तेव्हा स्वस्तातले कितीतरी फोन निकामी झाले.

"दुसरा नंबर टाकून द्या की ताई, पैसे देतो."

ताईंनी फोन पुसून त्याच्या हातात ठेवला. "न्हाई दादा. तीन वर्सं हाय त्याला. बिल घेऊन कंपनीच्या सेंटरला जावा." २०२३च्या दूरसंचार कायद्यात आयएमईआयशी छेडछाड करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा मोठा दंड आहे. गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं, त्या दुरुस्तीचे पैसे बुडाले. मला त्या नकाराचं मोल फार वाटतं. चोरीचा फोन पुन्हा बाजारात येतो तो अशाच एखाद्या टेबलावरून, आणि अडतोही तिथंच.

हरवलेले फोन बंद पाडणारी सीईआयआर ही केंद्रीय यंत्रणा महाराष्ट्राला नवी नाही. सप्टेंबर २०१९मध्ये तिची प्रायोगिक सुरुवात आपल्याच राज्यातून झाली आणि मे २०२३पासून संचार साथी पोर्टलवरून ती देशभर खुली आहे. पोलिसांत तक्रार द्यायची, त्याच नंबरचं सिम परत घ्यायचं, अर्ज भरायचा. मग त्या फोनमध्ये कुणी कुठल्याही कंपनीचं सिम घातलं तरी तो चालत नाही, आणि सिम घातल्याची खबर पोलिसांपर्यंत पोचते. पद्धत चांगली आहे. पण बदललेल्या सिमवर पहिले चोवीस तास एसएमएस येत नाहीत, म्हणजे अर्जासाठी लागणारा ओटीपीही नाही. गावाहून आलेल्या माणसाचा एक हेलपाटा तिथंच वाढतो. आणि पंधरा आकडे नसतील तर अर्ज पुढं सरकतच नाही.

बापूंचं तेच झालं. फोन मुलानं वापरून दिलेला, खोकं कधीच चुलीत गेलेलं. बँकेचे मेसेज, पीक विम्याचा ओटीपी, सगळं त्या एका यंत्रावर, आणि त्याची ओळख सांगणारा कागद घरात नाही. हा दोष मी बापूंना देणार नाही. फोन विकणाऱ्यानं ते आकडे एकदा वाचून दाखवले असते, तर आज ते कुठंतरी वहीत असते. ताई आता प्रत्येक दुरुस्तीच्या पावतीवर आयएमईआय लिहून देतात. बाकीच्या दुकानांनीही हे करावं, त्याला खर्च काहीच नाही.

आज घरातल्या प्रत्येक फोनवर *#०६# दाबा आणि आलेले आकडे लिहून रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवा. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात, दोन्ही लिहा. जुना फोन घेत असाल तर पैसे मोजण्याआधी केवायएम हे इंग्रजीतून टाइप करून, जागा सोडून त्या फोनचे पंधरा आकडे लिहा आणि १४४२२वर एसएमएस करा. फोन काळ्या यादीत असेल तर उत्तरात कळतं.