'नंतर' म्हणजे 'म्हणून' नव्हे

पहिलं प्रकरण लिहायला बसलात की एक मोह हमखास होतो. दोन घटना एकामागोमाग घडलेल्या दिसतात आणि आपण मध्ये 'म्हणून' घालून मोकळे होतो. हा मोह किती गोड असतो ते पाहायचं असेल, तर ब्रिटिश नौदलाच्या पहिल्या क्रूझर स्क्वाड्रनची हकिगत बघा.

ऑगस्ट 1914. भूमध्य समुद्रात या स्क्वाड्रनची चार चिलखती जहाजं होती: डिफेन्स, वॉरियर, ब्लॅक प्रिन्स आणि ड्यूक ऑफ एडिंबरा. प्रमुख होता रिअर अॅडमिरल ट्रूब्रिज. ग्योबेन ही जर्मन बॅटलक्रूझर पूर्वेकडे निसटत होती. तिच्या तोफा मोठ्या, वेगही जास्त. आपल्याहून वरचढ शत्रूशी भिडू नये, असा आदेश होता. 7 ऑगस्टच्या पहाटे ट्रूब्रिजने तिला गाठायचा बेत सोडला. नोव्हेंबरमध्ये त्याचं कोर्ट मार्शल झालं. तो निर्दोष सुटला, पण समुद्रावरचा ताफा त्याला पुन्हा कधीच मिळाला नाही.

31 मे 1916, जटलंडची लढाई. तीच चार जहाजं, प्रमुख मात्र रिअर अॅडमिरल आर्बथनॉट. निकामी झालेल्या वीसबाडेन या जर्मन क्रूझरवर तो तुटून पडला आणि थेट जर्मन मुख्य ताफ्याच्या तोफांसमोर आला. डिफेन्सचा स्फोट झाला. सुमारे 900 जणांपैकी एकही वाचला नाही. वॉरियर दुसऱ्या दिवशी बुडाली. ब्लॅक प्रिन्स रात्री जर्मन जहाजांच्या तोंडी सापडली आणि तिच्यावरचे सगळे, 857 जण, गेले. उरली एकटी ड्यूक ऑफ एडिंबरा.

आता वाक्य आपोआप सुचतं ना? 'ट्रूब्रिजवर ठपका आला, म्हणून आर्बथनॉट बेदरकारपणे पुढे घुसला.' माझ्या विषयातलं असंच एक देखणं वाक्य मी गाइडना दाखवलं होतं. त्यांनी समासात एकच शब्द लिहिला: 'कशावरून?' त्या एका शब्दापायी माझी चार पानं गेली.

इथेही तेच विचारा. सरसेनापती जेलिकोने आपल्या अहवालात वेगळंच कारण मांडलं होतं: धुक्यामुळे शत्रूची मोठी जहाजं जवळ आल्याचं आर्बथनॉटला बहुधा कळलंच नसावं. मग प्रत्येक कारणापुढे एक प्रश्न ठेवा: हे खरं असेल, तर कुठे काय सापडायला हवं? धुकं कारण असेल, तर आसपासच्या जहाजांच्या नोंदींत त्या वेळची दृश्यमानता कमी दिसली पाहिजे. ट्रूब्रिजचं प्रकरण कारण असेल, तर आर्बथनॉटच्या आधीच्या पत्रांत, बोलण्यात त्याचा माग लागला पाहिजे. आणि तो लागला, तरी त्यातून त्याचं मत कळेल. त्या क्षणीचा निर्णय नाही. तो सांगू शकणारी माणसं डिफेन्सबरोबर गेली.

म्हणून (हा 'म्हणून' चालेल!) आज एवढंच करा. आपल्या मसुद्यातले सगळे 'म्हणून', 'त्यामुळे', 'परिणामी' पेन्सिलने गोल करा. प्रत्येकापुढे 'कशावरून?' लिहा. उत्तर नसेल तिथे 'त्यानंतर' लिहा. वाक्य जरा फिकं होईल, पण व्हायव्हाच्या दिवशी तेच तुमच्या बाजूने उभं राहील.